चाहत्यांच्या गटात शिरल्यावर खेळाची गोडी वाढते की घटते?

पाऊलवाट

'एल्डन रिंग' हा फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, तेव्हा त्याविषयी काहीही न वाचता तो खेळायचा असे मी ठरवले होते. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशाच्या पूर्वेला मिस्टवुड नावाचे दाट रान आहे आणि त्या रानातल्या एका जुन्या दगडी वास्तूत खाली जाणारी लिफ्ट आहे. फार तर एखादे तळघर लागेल, अशा समजुतीने मी तिच्यावर उभा राहिलो. लिफ्ट उतरू लागली आणि बराच वेळ उतरतच राहिली. ती थांबली तेव्हा जमिनीच्या पोटात चांदण्यांनी भरलेले आख्खे आकाश पसरलेले होते, त्याखाली नदी वाहत होती आणि भग्न खांबांच्या रांगा उभ्या होत्या. हे इथे असेल याची मला पुसटशीही कल्पना नव्हती, आणि त्या कल्पना नसण्यातच सगळा आनंद होता.

पुढे मी या गेमच्या चाहत्यांच्या एका मोठ्या गटात सामील झालो. माणसे सभ्य, अभ्यासू आणि विचारलेल्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देणारी होती. तरीही लेंडेल या राजधानीच्या शहरात शिरताना माझ्याजवळ एक तयार यादी होती. कोणत्या गल्लीत काय सापडते, कोणता बॉस (म्हणजे टप्प्यावरचा बलाढ्य शत्रू) 'फसलेला' आहे, कोणते शस्त्र घेणे व्यर्थ आहे, हे सगळे मला आधीच ठाऊक होते. माझ्या हातातली आवडती तलवार त्या गटाच्या मते कुचकामी होती, आणि ते वाचल्यापासून ती चालवताना पूर्वीची मजा येईना.

शिवीगाळ, धमक्या आणि हुल्लडबाजी वाईटच. त्याबद्दल कोणाचे दुमत असेल असे वाटत नाही. मला विचारायचे आहे ते चांगल्या गटाविषयी. मनापासून प्रेम करणाऱ्या, भरपूर माहिती असलेल्या चाहत्यांच्या सहवासातही आपला स्वतःचा आनंद कमी होतो का? तसे होत असेल, तर त्यांच्यात केव्हा मिसळावे आणि केव्हा दूर राहावे?

उत्तररात्र

आपण निवडलेले उदाहरणच आपल्या मताच्या विरोधात जाते, असे मला वाटते. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या खेळांत चाहत्यांचा गट खेळाच्या आतच वसवलेला आहे. २००९ च्या 'डिमन्स सोल्स'पासून जमिनीवर चमकणारे संदेश आहेत. ते दुसऱ्या खेळाडूंनी लिहून ठेवलेले असतात, आणि तेही ठरावीक शब्दांच्या साच्यातूनच लिहावे लागतात. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी या कल्पनेचा उगम एका मुलाखतीत सांगितला आहे. बर्फ पडत असताना चढावर गाड्या अडकल्या, तेव्हा मागच्या गाडीने पुढच्या गाडीला ढकलत ढकलत सर्वांनी तो चढ पार केला. ज्यांनी मदत केली त्यांचे आभार मानायला त्यांना थांबता आले नाही, आणि ती अनोळखी माणसे पुन्हा भेटलीही नाहीत. ही भावना त्यांना खेळात आणायची होती.

शिवाय या गेममध्ये हाती घेतलेल्या कामांची कोठेही नोंद ठेवली जात नाही. मिलिसेंट या पात्राची कहाणी चार दिशांना विखुरलेली आहे, आणि एकट्याने खेळताना तिचे सगळे धागे कोणाच्या हाती लागतील असे मला वाटत नाही. ती मला गटामुळेच पूर्ण पाहता आली आणि सबंध गेममधली तीच मला सर्वाधिक भिडली. गट नसता तर माझा आनंद निम्मा झाला असता.

सह्यकडा

कड्याच्या टोकावर 'उडी मारून पाहा' असा संदेश लिहून ठेवणारेही त्याच गटातले असतात, हे जाता जाता नमूद करतो. तरी उत्तररात्र यांच्याशी सहमत.

दूरदेशी

मी सिएटलला असतो आणि ऑफिसमधल्या मित्रमंडळींत हा विषय वारंवार निघतो. पाऊलवाट यांनी तलवारीचे जे उदाहरण दिले, त्यामागे एक मोठी गोष्ट आहे. प्रत्येक गटात 'खरा खेळाडू कोण' याचे माप हळूहळू तयार होते. 'एल्डन रिंग'मध्ये मदतीला आत्मे बोलावण्याची घंटा गेम स्वतःहून आपल्या हाती देतो. तरीही ती वापरून मिळवलेला विजय हा विजयच नव्हे, असे म्हणणारे शेकड्यांनी भेटतात. २०१९ मध्ये त्याच कंपनीचा 'सेकिरो' आला तेव्हा त्यात सोपी पातळी असावी की नसावी यावर जो वाद पेटला, त्यातही हाच सूर होता. अपंगत्वामुळे ज्यांच्या हातांच्या हालचालींवर मर्यादा आहेत, त्यांनी आपली अडचण मांडली, तर त्यांनाही 'आधी खेळायला शिका' असे ऐकवले गेले. नोकरी आणि घर सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याच्या मनात आपण कमअस्सल आहोत ही भावना रुजली की ती सहज जात नाही.

मात्र त्याच गटाने जगाला 'लेट मी सोलो हर' हा खेळाडूही दिला. डोक्यावर मडके, कमरेला लंगोटी आणि दोन हातांत दोन कटाना (जपानी तलवारी) एवढ्या ऐवजावर तो मलेनिया या अत्यंत अवघड बॉसच्या दाराशी थांबत असे आणि हरून थकलेल्या कोणीही हाक मारली की जाऊन तिला एकट्याने हरवत असे. २०२२ मध्ये त्याची कीर्ती इतकी पसरली की बांदाई नामको या प्रकाशक कंपनीने त्याला खरी तलवार भेट पाठवली. 'तुम्ही कमी पडता' असे न सुनावता 'मी येतो' म्हणणारा चाहता कसा असतो, हे त्याच्यात दिसते.

शेतीभाती

मी फक्त 'स्टार्ड्यू व्हॅली' खेळते, त्यामुळे तेवढ्यापुरतेच लिहिते. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने घडवलेला हा गेम २०१६ मध्ये आला. शहरातली नोकरी सोडून आजोबांची शेती कसायला आलेल्या माणसाची ही गोष्ट आहे, आणि निवांतपणा हाच तिचा प्राण आहे. पहिल्या वसंतातल्या १३ तारखेला गावात एक सण असतो. त्या सणात स्ट्रॉबेरीचे बियाणे विकायला येते आणि ते वर्षातून त्या एकाच दिवशी मिळते. मला हे ठाऊक नव्हते. सणाला गेले, जवळ होते त्या पैशांत थोडे बियाणे घेतले, घाईघाईने पेरले आणि ऋतू संपायच्या आत पीक हाती आले, तेव्हा घरात सगळ्यांना बोलावून ते दाखवले.

गटात गेल्यावर कळले की तिथे या सणासाठी आधीपासून पै-पैसा साठवतात, आणि काही जण तर तेच बियाणे पुढच्या वर्षीच्या पहिल्या तारखेसाठी राखून ठेवतात, म्हणजे पीक जास्त वेळा निघते. प्रत्येक पिकाचा रोजचा नफा, प्रत्येक गावकऱ्याला आवडणारी भेट, सगळे कोष्टकांत मांडलेले आहे. माहिती अचूक आहे, पण ती वाचल्यानंतर कोणाला काय आवडेल याचा विचार करत बाजारातून फिरणे संपले. लीआला सॅलड द्यायचे, हे आता मला पाठ आहे. तिचे बोलणे ऐकून, तिची राहणी पाहून ते ओळखण्याची संधी मात्र कायमची गेली. पाऊलवाट म्हणतात त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

चौसष्ट घरे

शेतीभाती, आपला मुद्दा समजला, परंतु कोष्टके मांडणाऱ्यांनाही त्या मांडण्यातच रस असतो. त्यांच्या दृष्टीने तो हिशेब हाच खेळ आहे आणि तोही त्यांनी स्वतः शोधलेला आहे. ज्या माणसाने पहिल्यांदा स्ट्रॉबेरीचे गणित सोडवले, त्याला झालेला आनंद आपल्या आनंदाहून कमी नसणार. अडचण येते ती ते गणित पुढे आयते मिळू लागल्यावर.

शेतीभाती

अगदी बरोबर. पहिल्या शोधकाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

अबोली

बुद्धिबळाचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते, कारण गेल्या काही वर्षांत भारतात या खेळाभोवती चाहत्यांचा समुदाय उभा राहताना आपण सर्वांनी पाहिला आहे. २०२० च्या टाळेबंदीत समय रैना या विनोदी कलाकाराने चेसबेस इंडियाच्या सागर शहा यांच्या साथीने बुद्धिबळाचे थेट प्रक्षेपण सुरू केले. त्यात नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी हसतखेळत सामील झाले आणि ज्यांना घोड्याची चालही येत नव्हती अशी हजारो मुले पटाकडे वळली. माझी भाची त्यांतलीच एक. शाळेत बुद्धिबळ शिकवायला कोणी नव्हते, पण त्या प्रक्षेपणांतल्या गप्पांतून ती खेळ शिकली. आज ती जिल्हा पातळीवर खेळते.

याच समुदायाची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर नागपूरच्या दिव्या देशमुखने जाहीरपणे लिहिले की प्रेक्षक तिच्या डावांविषयी बोलण्याऐवजी तिचे कपडे, केस आणि उच्चार यांच्यावरच बोलतात. ती तेव्हा १८ वर्षांची होती. भाचीने ते वाचले आणि मला विचारले, 'मावशी, मीसुद्धा पुढे मोठ्या स्पर्धा खेळले तर माझ्याबद्दल असेच लिहितील का?' जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे कोनेरू हंपी यांना हरवून दिव्याने महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ती ग्रँडमास्टरही झाली. त्या रात्री भाचीच्या आनंदाला पारावार नव्हता. पण तिने प्रक्षेपणाखालच्या प्रतिक्रियांचा रकाना बंद ठेवून तो सामना पाहिला होता, आणि हे तिला कोणी सुचवलेले नव्हते.

पाऊलवाट यांनी 'चांगल्या गटाविषयी' विचारले आहे, हे माझ्या लक्षात आहे. परंतु गट कोणासाठी चांगला, हा प्रश्न वगळून पुढे जाता येईल असे मला वाटत नाही. तुम्हाला सभ्य वाटणाऱ्या त्याच गटात एखादी मुलगी आपले नाव लपवून वावरत असते.

पाऊलवाट

अबोलीताई, हा मुद्दा मी मांडणीतच घ्यायला हवा होता असे आता वाटते. आपल्या भाचीला मनःपूर्वक शुभेच्छा.

चौसष्ट घरे

बुद्धिबळाचा विषय निघालाच आहे, तर संगणकाच्या पट्टीबद्दल लिहितो, कारण मूळ प्रश्न तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. प्रक्षेपणात पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते आणि डावाचे पारडे कोणाकडे झुकले आहे हे ती क्षणोक्षणी दाखवते. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला विश्वविजेतेपदाच्या लढतीत गुकेश आणि डिंग लिरेन यांचा चौदावा आणि शेवटचा डाव बरोबरीकडे चालला होता. ५५ व्या चालीत डिंगने हत्ती चुकीच्या घरात नेला. पट्टी एका झटक्यात काळ्याच्या, म्हणजे गुकेशच्या, बाजूला गेली आणि पाहणाऱ्या साऱ्या जगाला निकाल कळला. गुकेशला मात्र तो अजून कळायचा होता. काही क्षणांनी त्याने पटाकडे पुन्हा पाहिले, चेहऱ्यावरचा भाव बदलला, आणि मग त्याने स्वतःला सावरले.

मी तो डाव पट्टी झाकून पाहत होतो. मला ती चूक गुकेशच्या चेहऱ्यावरून कळली. माझा मित्र पट्टीसह, आणि शेकडो लोकांच्या प्रतिक्रियांसह, पाहत होता. त्याच्या मते त्या क्षणी सगळ्यांनी मिळून श्वास रोखला आणि 'आता याला दिसू दे' अशी एकत्र आळवणी केली, ती त्याच्या आयुष्यातली खेळाची सर्वोत्तम आठवण आहे. मी त्याच्या आठवणीला उणे म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी 'एवढी साधी चाल कशी चुकली' म्हणत डिंगची खिल्ली उडवणारे बहुतेक जण पट्टी पाहूनच शहाणे झालेले होते. चार तास डोके शिणल्यावर ती चाल किती साधी उरते, याची जाणीव पट्टीमुळे नाहीशी होते.

तिसरी घंटा

माझे वय आता या खेळांचे नाही, परंतु रंगभूमीवर चाहत्यांनी काय केले हे थोडे ऐकून-वाचून आहे. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात बालगंधर्वांचे चाहते आणि केशवराव भोसले यांचे चाहते असे तट पडलेले होते. एकाच्या गाण्यावर माना डोलावणाऱ्याने दुसऱ्याच्या गाण्याला नाक मुरडावे, अशी जणू रीतच होती. या पार्श्वभूमीवर ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर! त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, म्हणून त्या प्रयोगाचे मोल पुढे आणखी वाढले.

माझ्या मते अशा तटांचे नुकसान नटांपेक्षा प्रेक्षकालाच अधिक सोसावे लागते. आयुष्यभर केशवरावांचे गाणे आवडू द्यायचे नाही असे ठरवलेल्या माणसाने स्वतःच्याच कानांना उपाशी ठेवले. मात्र पाऊलवाट यांना एक गोष्ट सांगतो. गाणे ऐकायला मला माझ्या वडिलांच्या मित्रांनीच शिकवले. 'आता समेवर कसा येतो बघ' असे कोणी कानात सांगितले नसते, तर ती सम माझ्यापर्यंत कधी पोहोचलीच नसती. ते दर्दी होते आणि कंपूबाजही होते, दोन्ही एकाच वेळी.

मध्यंतर

तिसरी घंटा यांच्या प्रतिसादामुळे वानखेडे आठवले. १ एप्रिल २०२४ रोजी मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स यांच्या सामन्याला मी मुलासह गेलो होतो. रोहित शर्माच्या जागी हार्दिक पांड्याला कर्णधार केल्याचा राग तेव्हा ताजा होता. नाणेफेकीलाच इतकी हुर्यो सुरू झाली की सूत्रसंचालक संजय मांजरेकर यांनी प्रेक्षकांना नीट वागण्यास सांगितले. माझा मुलगा हार्दिकचा चाहता. त्याने हार्दिकचे नाव लिहिलेला फलक घरी रंगवून आणला होता. आजूबाजूचा आवाज ऐकल्यावर त्याने तो गुंडाळून पायांखाली ठेवला आणि पूर्ण सामनाभर बाहेर काढला नाही. आपल्याच संघाच्या चाहत्यांत बसून त्याला आपली आवड लपवावी लागली.

पुढे २९ जूनला ब्रिजटाउनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात १६ धावा वाचवायच्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हाती होता. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. लोक याला प्रायश्चित्त म्हणतात. मला त्यात तोच गट दिसतो, ज्याचा आवाज एका दिशेने गेला की बाकी सगळे त्या दिशेला जातात. एप्रिलमध्ये ज्याने फलक लपवला त्याला जुलैचा जयघोष पूर्णपणे आपलासा वाटला नाही.

सह्यकडा

मध्यंतर, आपल्या मुलाबद्दल वाईट वाटले. तरीही विरोधी मत नोंदवतो. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला नापसंती दाखवण्याचा हक्क आहे, आणि रोहितवरचे प्रेम हे एका रात्रीत उगवलेले नव्हते. अकरा हंगाम कर्णधार राहिलेल्या खेळाडूला बाजूला केल्यावर लोक गप्प बसले असते, तर त्यांच्या प्रेमाला काय अर्थ होता? चाहत्यांनी केवळ टाळ्या वाजवाव्यात ही अपेक्षा मला मान्य नाही. संघ चालवणाऱ्यांवर वचक ठेवणारे दुसरे कोण आहे?

मध्यंतर

वचक निर्णय घेणाऱ्यांवर असावा. हुर्यो मैदानात उतरलेल्या खेळाडूच्या वाट्याला आली.

दूरदेशी

सह्यकडा यांच्या मुद्द्याला गेमच्या जगातून दोन उदाहरणे जोडतो. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या 'नो मॅन्स स्काय'भोवती प्रकाशनाआधीच इतक्या अपेक्षा रचल्या गेल्या होत्या की केवळ तारीख जूनवरून ऑगस्टला ढकलली म्हणून निर्माता शॉन मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. गेम आल्यावर त्यात कबूल केलेल्या अनेक गोष्टी नव्हत्या, हे खरेच, आणि चाहत्यांचा संताप त्या बाबतीत रास्त होता. हॅलो गेम्स या त्यांच्या कंपनीने मग मोफत सुधारणांचा सपाटा लावला. २०१९ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून गिल्डफर्डमध्ये त्यांच्या कार्यालयाजवळ आभाराचा मोठा फलक लावला. इथे वचक कामी आला, असे म्हणता येईल.

'द लास्ट ऑफ अस भाग २' मध्ये उलटे घडले. १९ जून २०२० रोजी गेम बाजारात आला आणि काही तासांत मेटाक्रिटिक या गुण-परीक्षणांच्या संकेतस्थळावर शून्य गुणांची रास पडली. हा गेम संपवायला वीसहून अधिक तास लागतात. म्हणजे तो न खेळताच, आधी फुटलेल्या कथानकावरून, निकाल लागला होता. मेटाक्रिटिकने पुढे प्रकाशनानंतर ३६ तास वाचकांना गुण देता येणार नाहीत असा नियम केला. ॲबी या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना धमक्या आल्या. मी तो गेम त्या गदारोळाच्या दिवसांत खेळलो. ॲबीच्या वाट्याला आलेला प्रत्येक प्रसंग पाहताना मनात दोन पक्ष भांडत होते आणि त्यांतला एकही पक्ष माझा नव्हता. अलीकडे तो पुन्हा खेळलो तेव्हा तिच्याबद्दल मला स्वतःला काय वाटते, हे समजायला जागा मिळाली.

पाऊलवाट

दूरदेशी यांच्या शेवटच्या वाक्यात माझ्या प्रश्नाचा गाभा आला. सर्वांचे प्रतिसाद वाचून माझे मत थोडे बदलले आहे. तिसरी घंटा यांच्या वडिलांच्या मित्रांनी सम दाखवली. गाणे चांगले की वाईट हे ऐकण्याआधी सांगितले नाही, असे मी धरून चालतो. उत्तररात्र यांना मिलिसेंटची वाट दाखवणाऱ्यांनीही तिच्याबद्दल काय वाटून घ्यावे हे सांगितले नसावे. गटाने कुठे पाहावे ते जरूर सांगावे, मी ऐकेन. पाहून काय वाटले हे मात्र मी आधी स्वतःशी ठरवीन आणि मगच त्यांना विचारीन. माझ्यापुरता नियम असा, की पहिल्या खेळात फक्त अडले तेवढेच विचारायचे आणि मतांचे धागे गेम संपल्यावर उघडायचे.

तिसरी घंटा

आपण धरून चाललात ते बरोबर नाही. ते गाण्याआधीच भरपूर मते देत. त्यांतली निम्मी मला पुढे पटली नाहीत, पण वाद घालायला ती हाताशी होती म्हणूनच माझे मत तयार झाले.

उत्तररात्र

हेच मला म्हणायचे होते. मत आधी कानावर पडले तर ते आपण निमूटपणे स्वीकारतोच असे नाही. भांडायला कोणी नसेल तर काही माणसांना आपली आवड नेमकी सांगताच येत नाही. पाऊलवाट यांचा नियम त्यांच्या स्वभावाला योग्य आहे; माझ्या स्वभावाला तो एकाकी वाटेल.

अबोली

वाद घालण्याइतके बळ यायला वय आणि सुरक्षितता लागते. मध्यंतर यांच्या मुलाला आणि माझ्या भाचीला तिथे बरोबरीने भांडता येत नाही. त्यांच्यासाठी पाऊलवाट यांचा नियम मी आग्रहाने सुचवीन.

नवा डाव

बरीच वर्षे येथे केवळ वाचत होतो. हा माझा पहिलाच प्रतिसाद. पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे आणि 'एल्डन रिंग' प्रथमच सुरू करत आहे. पाऊलवाट आणि उत्तररात्र, आपल्या दोघांच्याही मताप्रमाणे, सुरुवात करणाऱ्याला सांगावेच असे काही आहे का?

उत्तररात्र

उघड्या मैदानात पाऊल टाकताच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार दिसेल. तो अजिंक्य नाही, पण पहिल्या दिवशी त्याला वळसा घालून पुढे जाण्यात कसलाही कमीपणा नाही. नंतर बळ वाढवून परत यावे.

पाऊलवाट

एवढेही मी सांगितले नसते.